एक वायर, किती मशीन?

मोहन्यातल्या बचत गटांच्या वतीने आज आम्ही विजेच्या जोडणीबद्दल बोलणार आहोत. विषय शाळेच्या पुस्तकातला वाटेल. पण आपल्यातल्या कितीतरी जणी घरातच शिलाई करतात, मसाले करतात, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतात, आणि हे सगळं चाळीतल्या एका खोलीत, एका बोर्डावर चालतं.

जोडणीच्या रीती दोन. पुस्तकात त्यांना एकसर आणि समांतर म्हणतात, वायरमन सिरीज आणि पॅरलल म्हणतो. गणपतीच्या मखरावरचं जुन्या पद्धतीचं दिव्यांचं तोरण आठवा. एकापुढे एक दिवे, विजेला वाट एकच. एक दिवा गेला की वाट तुटली आणि सगळं तोरण बंद. मग एकेक दिवा हलवून बघत बसायचं! घरात येणारा २३० व्होल्टचा दाब त्या दिव्यांमध्ये वाटला जातो, म्हणून सहा व्होल्टचे चाळीसएक दिवे एका रांगेत सुखाने जळतात.

घरातली उपकरणं अशी जोडली असती, तर पंखा बंद केल्यावर फ्रिजही बंद पडला असता. म्हणून ती समांतर जोडतात. प्रत्येकाची वाट वेगळी आणि प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट. सोय मोठी आहे, पण मेखही इथेच आहे. या सगळ्या वाटा मागे एकाच वायरला मिळतात आणि सगळ्यांचा प्रवाह त्या एका वायरमधून जातो.

हिशेब सोपा आहे. मशीनवरच्या वॅटला २३० ने भागा, अँपिअर मिळतात. शंभर वॅटची शिलाई मशीनची मोटर अर्धा अँपिअरही घेत नाही. हजार वॅटची इस्त्री घेते ४.३, साडेसातशे वॅटचा मिक्सर ३.३. ही दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बॉक्सवर लावली, तर ७.६ झाले. आणि आपला नेहमीचा छोटा प्लग असतो ६ अँपिअरचा! बॉक्सला चार भोकं आहेत म्हणजे चार मशीनची ताकद आहे, असं नाही. प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. प्लग हाताला गरम लागतो तो यामुळेच.

या एकत्र झालेल्या प्रवाहावर पहारा ठेवायला फ्यूज असतो, आणि तो मात्र मुद्दाम एकसर जोडलेला असतो. सगळा प्रवाह त्याच्यातूनच जायला हवा, म्हणजे तो वितळला की तोरणासारखं सगळं बंद. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात तांब्याची जाड तार पिळून बसवणारे महाभाग गल्लोगल्ली आहेत. मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणं हाही तोच प्रकार, कारण मागची वायर तीच राहते.

हीच जोडणी आणखी एका ठिकाणी कामाला येते. दुरुस्तीवाल्याकडे एक बोर्ड असतो, त्यावर साधा शंभर वॅटचा पिवळा बल्ब. आपला बिघडलेला मिक्सर तो त्या बल्बशी एकसर जोडतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण फ्यूज उडत नाही. जुना मिक्सर विकत घेणार असाल तर आधी अशी तपासणी करून मागा.

आता कामाचं. नवीन मशीनसाठी कर्ज मागायला कोणी आली, की आम्ही आधी विचारतो, प्लग कुठे लावणार? इस्त्री किंवा इंडक्शन असेल तर १६ अँपिअरचा पॉइंट आणि बोर्डापासून वेगळी जाड वायर लागते. घरमालक खर्च करत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून वायरिंगचा खर्च मशीनच्या कर्जातच धरावा, असं आमचं मत आहे. काही जणींना हप्ता वाढेल अशी भीती वाटते, तर पुढच्या बैठकीत त्यावर बोलू. येताना घरातल्या प्रत्येक मशीनच्या पट्टीवर लिहिलेले वॅट कागदावर उतरवून आणा.