कोई शक?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सैन्यातल्या दिवसांवर बोलायला सांगितलं आहे. बंदुका आणि परेडबद्दल ऐकायची तुमची तयारी असेल, पण मी बोलण्याबद्दलच बोलणार आहे. अधिकारी व्हायला निघालेल्या मुला-मुलींना तिथे पुन्हा पुन्हा करावं लागतं ते हेच, चारचौघांसमोर उभं राहून बोलणं. आणि आपल्या बीड जिल्ह्यातली हुशार पोरं अडतात तीही इथेच.

इंजिनिअरिंगनंतर मी शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी अर्ज केला. त्यासाठी एसएसबीची पाच दिवसांची निवड चाचणी असते. तिच्यात ‘लेक्चरेट’ नावाचा एक प्रकार आहे. हातात कार्ड मिळतं, त्यावर चार विषय. त्यातला एक निवडायचा, तीन मिनिटं विचार करायचा आणि आपल्या गटासमोर तीन मिनिटं बोलायचं. विषय फार अवघड नसतात. अवघड असतं ते उभं राहणं.

निवड झाल्यावर मी चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत गेले. १९६२च्या युद्धानंतर अधिकाऱ्यांची गरज वाढली, म्हणून १९६३ साली ही संस्था सुरू झाली. १९९२पासून तिथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला. पहिल्या आठवड्यात नव्या शब्दांचा नुसता पाऊस पडला. शिक्षकांना ‘उस्ताद’ म्हणायचं. सकाळचे सहा म्हणजे ‘शून्य सहाशे’. बी, डी, पी, टी ही अक्षरं म्हणायची ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो.

मोठ्या शहरांतल्या मुली फाडफाड इंग्रजी बोलायच्या. मी मराठी माध्यमातली. पण आठवडाभरात लक्षात आलं की हे शब्द त्यांनाही तितकेच नवे आहेत. ड्रिलच्या आज्ञा तर हिंदीत, तिथे इंग्रजीचा काही उपयोग नाही. आम्ही सगळ्या एकाच इयत्तेत होतो.

हळूहळू त्या शब्दांमागचं कारण कळलं. वायरलेसवर खरखर असते, बी आणि डी सारखेच ऐकू येतात, म्हणून ब्राव्हो आणि डेल्टा. नुसतं ‘सहा वाजता’ म्हटलं तर सकाळचे की संध्याकाळचे, हा घोळ होतो, म्हणून चोवीस तासांचं घड्याळ. ‘ओव्हर’ म्हणजे माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपलं. सिनेमातलं ‘ओव्हर अँड आउट’ खऱ्या सेटवर कुणी म्हणत नाही, कारण दोन्हींचा अर्थ एकमेकांविरुद्ध जातो. हे शब्द ऐटीसाठी नाहीत. बोलणाऱ्याच्या मनात जे आहे तेच ऐकणाऱ्याच्या कानात पोचावं, म्हणून आहेत.

आणि असे शब्द आपल्याला का नवे आहेत? आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे आईवडील दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे, ‘खाडा’ म्हणजे बुडालेला दिवस, हे आपल्याला दहाव्या वर्षी ठाऊक होतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते समजावून सांगावं लागतं. ‘हवालदार’ हा शब्द तर शिवाजी महाराजांच्या फौजेतला. २५ बारगिरांवर एक हवालदार असे. आजही भारतीय लष्करात तो हुद्दा आहे. तेव्हा कठीण शब्दांना घाबरायचं आपल्याला काही कारण नाही. शब्द कामाच्या पोटी जन्मतात. काम कळलं की शब्द आपोआप जिभेवर बसतात.

खरी परीक्षा असायची तोंडी आदेश देण्याची. जमिनीवर मातीचा नकाशा करायचा, त्याला सँड मॉडेल म्हणतात. मग ठरलेल्या क्रमाने सांगायचं: परिस्थिती काय आहे, आपली कामगिरी कोणती, ती कशी पार पाडायची, दाणागोटा आणि औषधपाण्याची सोय काय, आणि हुकूम कुणाचा, संपर्क कसा. एवढी पाच खणं भरली की भाषण तयार. उच्चार कसे आहेत, याला फारसं महत्त्व नसे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्याचं काम कळलं की नाही, हे बघत.

आदेश संपला की विचारायचं, ‘कोई शक?’ सगळे एका सुरात ओरडायचे, ‘नहीं!’ आपल्या वर्गात बाई विचारायच्या ‘समजलं का?’ आणि आपण ‘होऽऽ बाई’ म्हणायचो, अगदी तसंच. आमचे एक उस्ताद तेवढ्यावर थांबत नसत. ते कुणा एकीकडे बोट दाखवून म्हणायचे, ‘तुझं काम काय, सांग.’ तिला ते सांगता आलं, तरच आदेश पोचला. बोलणं म्हणजे काय, हे मला त्या एका प्रश्नाने शिकवलं.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मध्यरात्री एखादी यंत्रणा बंद पडली आणि दहा जण फोनवर जमले, की मी तीच पाच खणं भरते आणि शेवटी विचारते, ‘कुणी काय करायचं, सांगा.’

आता वाट अधिक मोकळी झाली आहे. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२पासून मुली आहेत, त्यांची पहिली तुकडी २०२५ साली बाहेर पडली. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलींसाठी आता नाशिकला आहे. अर्ज करणारी पोर आपल्या शाळेतही बसलेली असेल. तिचं गणित पक्कं असेल, पण ती उभी राहील का?

म्हणून सरांना आणि बाईंना एक विनंती. परिपाठात सुविचार आणि दिनविशेष तीच ती चार धीट मुलं वाचतात. आठवड्यातून एक दिवस चिठ्ठ्या टाका. ज्याचं नाव येईल त्याने तीन मिनिटं विचार करावा आणि तीन मिनिटं बोलावं, मराठीत. विषय साधे ठेवा: आमची विहीर, बैलपोळा, एसटीचा पास. आणि झाल्यावर शेवटच्या रांगेतल्या मुलाला विचारा, तो काय म्हणाला, सांग.

याला एक पैसाही खर्च नाही. चिठ्ठ्यांसाठीचे कागद आमची बॅच देईल.

कोई शक?

जय हिंद, जय महाराष्ट्र!