अंगणवाडीचे कुलूप आणि गावाचे उत्तरदायित्व



कारखाना बंद पडला, तर हानी आकड्यांत मोजता येते. अंगणवाडी बंद पडली, तर ती उंबरठ्याआड मुकाट्याने सोसली जाते. ४ डिसेंबर २०२३ रोजी राज्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप २५ जानेवारी २०२४ पर्यंत चालला.

नांदेड-लातूर भागात हे दिवस कापूस वेचणीचे आणि तूर काढणीचे. सकाळीच रानात जाणाऱ्या माउलीचे तीन ते सहा वर्षांचे मूल एरवी अंगणवाडीत गरम आहार घेते. २०१३च्या मूळ अन्नसुरक्षा कायद्यात अंगणवाडीतील आहारासाठी ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने ठरवली होती. दाराला कुलूप लागताच अशा घरापुढे तीन मार्ग उरतात : मजुरी बुडवणे, मूल बांधावर झोपवणे किंवा थोरल्या लेकीची शाळा बुडवणे. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त वाटतो आणि सर्वांत महाग पडतो. कारण धाकट्याच्या अंगणवाडीबरोबर थोरलीची शाळाही सुटते. मार्च २०२० नंतर, करोनाकाळात, शिजवलेल्या आहाराऐवजी घरपोच शिधा मिळाला. पण तो साऱ्या घराच्या ताटांत विभागला जातो, मुलाच्या वाट्याला किती येतो?

मग दोष सेविकांचा का? त्यांच्या मोबदल्याला शासन 'मानधन' म्हणते. संपाच्या वेळी सेविकेस दरमहा १०,००० आणि मदतनिसास ५,५०० रुपये मिळत होते. उपदानाचा त्यांचा हक्क मान्य होण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. ज्यांच्या हाती मुलांचे संगोपन, त्यांच्या म्हातारपणाची चिंता कोणी वाहायची?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण वस्तीच्या अंगणापर्यंत नेले. अंगण साऱ्या गावाचे असते, हेच त्या कार्याचे मर्म. संप केव्हा व्हावा हे गावाच्या हाती नाही; परंतु कोणत्या घरचे मूल कमी वजनाचे आहे, कोणाची आई मजुरीला जाते, हे गावाला ठाऊक असू शकते. कार्यकर्त्यांनी आणि मातृशक्तीने ती माहिती आधीच ठेवावी. कुलूप लागेल त्या दिवशी एखादा ओटा, एखादी आजी आणि एक वेळचे सकस अन्न सिद्ध असावे. त्याच वेळी सेविकांच्या न्याय्य मागणीस गावाचा आवाजही लाभावा. सेविकेचा सन्मान आणि बालकाचा घास यांत विरोध नाही. एक सुटला की दुसराही सुटतो.