बॉयकॉट



पंडितांनी शब्द फोडायचे आणि आम्ही गोण्या वाहायच्या, ही वाटणी मला मान्य नाही. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. आज एक शब्द फोडतो.

बॉयकॉट हे एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात शेकडा पंचवीस सूट मागितली. मालक दहावर अडला. बॉयकॉटनं कुळांना हुसकायच्या नोटिसा काढल्या. मग गडी निघून गेले, दुकानदारानं माल देणं बंद केलं, टपालसुद्धा बंद. अंगाला हात न लावता साहेब एकटा पाडला. त्याचं पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणली, त्यांना राखायला हजारभर शिपाई! पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड गेले, असा तेव्हाचा अंदाज. डिसेंबरात साहेब चालता झाला.

तिथल्या ओ'मॅली पाद्र्याला वाटलं, 'ऑस्ट्रसाइझ' हा जड शब्द कुळांच्या तोंडात बसायचा नाही. म्हणून त्यानं साहेबाचं नावच पुढं केलं. शेतकऱ्याच्या तोंडाच्या मापानं शब्द बेतला, हे मला फार आवडतं. तो पुढं फ्रेंच-जर्मनमध्ये गेला. १९०५ साली आपल्याकडच्या स्वदेशीवाल्यांनीही मिरवला.

पण 'वाळीत टाकणं' मराठीत केव्हाचं आहे, आणि त्याची दिशा उलटी. तिथं कुळांनी कारभाऱ्याला टाकलं. इथं जमीनवाला भूमिहीनाला टाकतो. १९२७ च्या महाडनंतर आपल्या माणसांनी मेलेली गुरं ओढायचं सोडलं. खरा बॉयकॉट तो! गावानं उत्तर दिलं: मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. त्याच साली बाबासाहेबांनी पत्र काढलं, 'बहिष्कृत भारत'. नाव उगाच नाही. ते सभासद असलेल्या स्टार्ट समितीनं १९३० साली लिहून ठेवलं की उघड मारहाणसुद्धा या हत्यारापुढं फिकी. १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या कायद्याचा दाखला देऊन बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत मागणी केली, की हा गुन्हा ठरवा. महाराष्ट्रानं वेगळा कायदा केला २०१६ साली. हिशेब तुम्हीच करा.

आता मुद्द्याचं. मेयोच्या कुळांमागं लँड लीग होती. आपल्या वस्तीवरच्या बाईच्या मागं कोण? चक्कीवाल्यानं दळण नाकारलं की तिसऱ्या दिवशी ती पाटलाच्या दारात उभी. भाषण ठोकून तिचं पीठ होत नाही. वस्तीला पंधरा दिवसांचा दाणा पुरवता आला पाहिजे, तर ती टिकते. तेव्हा असं कुठं कळलं तर आधी धान्य न्या, तक्रार लिहून घ्या, ठाण्यात सोबत जा. निषेधाचं पत्रक मागाहून छापू.

आमच्या पाळीवरच्या आठ जणांनी या पगारापासून त्यासाठी पैसे काढायला सुरुवात केलीय. डबा दाराशी ठेवलाय.