पुन्हा धनुष्य हाती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्या मुलीच्या खांद्याची गोष्ट निघाली, तेव्हा अध्यक्षाबाई म्हणाल्या, "हेच तुम्ही सर्वांपुढे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकेल ते पदरात घ्यावे.

मुलगी शिक्षणासाठी बुलढाण्यास माझ्या भावाकडे होती. तेथे तिला तिरंदाजीचा नाद लागला. आधी बांबूचे धनुष्य, मग रिकर्व्ह म्हणतात ते. सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हते. "पोरीच्या जातीला धनुष्य कायला लागते?" असे त्या येता-जाता म्हणत. मी म्हणे, "जिजाऊंचे माहेर आपल्या शेजारी, आणि आपण असे बोलावे का?" पण त्यांचे तोंड बंद केले ते माझ्या बोलण्याने नव्हे. मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला 149-148 असे हरवून सुवर्णपदक मिळविले. पंधरा बाणांत त्याचा एकच गुण गेला! वय अवघे 19. त्याच ऑक्टोबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाला सुवर्ण मिळाले, त्या संघातही तो होता. मग काय, सासूबाईच किराणा दुकानात उभ्या राहून नात काय खेळते ते सांगू लागल्या.

त्या दिवाळीस मुलगी घरी आली आणि न्हाणीच्या ओल्या फरशीवर घसरली. उजव्या हातावर पडली व खांदा निखळला. यात माझी चूक झाली ती सांगते. मी तिला हाड बसविणाऱ्याकडे नेले. त्याने ओढून बसविले, आम्ही गूळ-खोबरे वाटले. महिन्याच्या आत कपडे वाळत घालताना खांदा पुन्हा निखळला. तिसऱ्या वेळी तो धनुष्य ओढतानाच निखळला. तेव्हा कोठे आम्ही जालन्यावरून संभाजीनगर गाठले.

तपासणीचा कागद मी वाचला. सातवीपर्यंतच्या शिक्षणाने अक्षरे लागली, अर्थ लागला नाही. डॉक्टरांनी बशी आणि चेंडू यांचे उदाहरण देऊन सांगितले. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. तिच्या कडेला कूर्चेची गोल पाळ असते, ती चेंडूला आवरून धरते. हिची ती पाळ पुढच्या बाजूने फाटली होती. लहान वयात एकदा खांदा निखळला की पुन्हा पुन्हा निखळण्याचा संभव फार असतो. मला हे आधी ठाऊक असते तर!

आणि धनुष्याचा भार किती असतो? हिचे धनुष्य 34 पौंडांचे, म्हणजे एकेका बाणाला पंधरा किलोंहून जास्त ओढ. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत 72 बाण मारावे लागतात. आमच्या घरी यांनी हिशेब केला, तो अकरा क्विंटलांवर गेला. अकरा क्विंटल सोयाबीन एका खांद्याने ओढावयाचे! आणि सरावाचे बाण तर याहून किती तरी अधिक.

जानेवारी 2024 मध्ये दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे हात झोळीत. मी तिची वेणी घालीत असे. घास मात्र ती डाव्या हाताने स्वतःच घेई, भरवू देत नसे. पुढे व्यायाम सुरू झाले. वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा हलवावयाचा. भिंतीवर बोटे चढवावयाची. जुन्या आडाची कप्पी दाराच्या चौकटीला टांगली आणि दोरीचे एक टोक डाव्या हाती, दुसरे उजव्या हाती, असे बऱ्या हाताने दुखऱ्याला वर न्यावयाचे. बोटे जेथवर पोचत तेथे मी भिंतीवर पेन्सिलीने खूण करी व तारीख घाली. एखाद्या आठवड्यात खूण बोटभर वर जाई, एखाद्यात तेथेच राही. (ती कप्पी पाहून ती एकदा म्हणाली, "आई, जवकारांच्या कंपाउंड धनुष्यालाही अशाच कप्प्या असतात, पूर्ण ओढल्यावर भार हलका होतो." म्हटले, बाई, मग तेच का नाही घेतलेस!)

धनुष्य मी माळ्यावर गोधड्यांखाली लपविले होते. तिने ते कधी मागितले नाही, म्हणून मला वाटले विसरली. चौथ्या महिन्यात एके दुपारी पाहते तो आरशासमोर उभी राहून, डोळे मिटून, व्यायामाची रबरी पट्टी हनुवटीपर्यंत ओढते आहे. मी पट्टी हिसकावून घेतली. फार बोलले. ती एवढेच म्हणाली, "आई, डॉक्टरांना विचार. तुझ्या भीतीला विचारू नको."

दुसरीकडे यांची घाई. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "कधी सुरू करायचे?" एक पुढे ओढतो, एक मागे धरते, आणि पोरगी मध्ये. घरात अबोला नव्हता, पण जेवताना कोणी बोलत नसे. शेवटी तिघेही डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आधी पाठीच्या फऱ्याचे स्नायू बळकट होऊ द्या, मग हलके धनुष्य, मग बाण वाढवा. दुखले तर एक पायरी खाली. हे ऐकून दोघांचाही थोडा विरस झाला.

ऑगस्टमध्ये तिने पुन्हा बाण सोडला. धनुष्य 16 पौंडांचे, अंतर दहा मीटर, बाण वीस. बाजूला दहा-दहा वर्षांची मुले. जी पूर्वी 70 मीटरवर उभी राहत होती, ती त्या मुलांच्या रांगेत उभी राहिली. घरी आल्यावर रडली. शस्त्रक्रियेच्या दुखण्याने रडली नव्हती.

कोणी तरी तिला कोरियाच्या ओ जिन-ह्येकचे उदाहरण दिले. त्याने 2012 साली लंडनला ऑलिंपिकचे सुवर्ण मिळविले, आणि 2021 साली टोकियोला, वयाच्या 39 व्या वर्षी, खांद्याचे स्नायू फाटलेले असताना सांघिक सुवर्ण मिळविले. माणूस मोठा, यात शंका नाही. पण मला हे उदाहरण मुलींपुढे ठेवावेसे वाटत नाही. कारकिर्दीच्या अखेरीस त्याने ते ठरविले, तो त्याचा निर्णय. आमच्या मुलीला तो खांदा आणखी पन्नास वर्षे वापरावयाचा आहे.

आता आपल्या बायकांच्या कामाचे सांगते. तिला धीर यावा म्हणून मी बरोबर भिंतीवर बोटे चढवू लागले, तेव्हा कळले की माझा डावा हात खांद्याच्या वर जातच नाही! पाठीमागे तर मुळीच नाही. किती दिवस मी एका हाताने अंबाडा घालीत होते, माझे मलाच ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी सांगितले की चाळिशीनंतर बायकांचा खांदा असा धरतो, आणि साखरेचा विकार असेल तर अधिक. माझी साखर तपासली, ती वाढलेली निघाली. येथे बसलेल्यांपैकी कितीजणींना दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा घालता येतो, ते घरी जाऊन पाहा. आमच्या आळीत आम्ही चौघी आता कप्पी ओढतो. शेजारच्या आजी हसतात, हसोत.

मुलगी आज 30 पौंडांवर आहे. 34 वर जाईल की नाही, हे तिच्या सरांनी अजून सांगितलेले नाही, आणि मीही विचारीत नाही. धनुष्य माळ्यावरून मीच काढून दिले. पिशवीची साखळी गंजली होती, ती खोबरेल लावून मोकळी केली. दिवाळीला घराला रंग दिला, तेव्हा पेन्सिलीच्या खुणांचा तेवढा भाग सोडावयास सांगितला. रंगाऱ्याला वाटले, बाई विसरली. तिची सर्वांत वरची खूण चौकटीपर्यंत गेली आहे. माझी अजून तिच्याखाली वीतभर आहे.

फार वेळ घेतला. चहा निवत असेल.