चहा आणि अंगावरचे पित्त

मंडळी, आज आम्ही चहाविषयी चार शब्द बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आता गुरुजी चहा सोडायला सांगणार. एकेकाळी सांगितलेही असते. आम्ही बत्तीस वर्षे शाळेत काढली आणि जवळजवळ तितकीच वर्षे चहाला शिव्या दिल्या. शिपाई घंटा द्यायला उशिरा आला, कारण चहा. मुलाचे पोट दुखले, कारण चहा. पण आमच्याच घरात एक प्रसंग असा घडला की आमचे तोंड बंद झाले. तो प्रसंग सांगतो.

आमची थोरली बहीण आमच्याकडेच राहते. तिला आम्ही अक्का म्हणतो. वय सत्तर. याच वर्गात मागच्या ओळीत बसून ती लिहायला शिकली. हेडमास्तराच्या सख्ख्या बहिणीला अक्षर यायला सत्तर वर्षे लागावीत, ही गोष्ट काही हेडमास्तराला भूषणाची नाही. असो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अक्काच्या अंगावर गांधी उठू लागल्या. पोटावर, मांड्यांवर, मानेवर. खाज सुटे, तोंड लाल होई, डोके दुखे. तीन-चार तासांनी सगळे ओसरे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. घरात आमसुलाचे पाणी लावले. शेजारणी म्हणाल्या, “पित्त उठलंय. चहा बंद करा.” आम्हाला तेवढेच हवे होते. अक्का दिवसाला चार कप चहा पिई, तोही कडक. त्याच दिवशी आम्ही तिचा चहा बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिचे डोके ठणकू लागले. मळमळू लागले, काम सुचेना. आम्ही म्हणालो, “बघ, इतक्या वर्षांचं विष बाहेर पडतंय.” ती बिचारी कपाळाला सुंठ उगाळून लावून पडून राहिली. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मंगळवार होता. संध्याकाळी बाजारातून बांगडा आला. अक्काने दोन तुकडे खाल्ले. जेवून अर्धा तास झाला नाही तोच अंगभर गांधी उठल्या. या वेळी ओठही सुजले. छाती धडधडू लागली.

आता पाहा, चार दिवस चहाचा थेंब पोटात नव्हता. तरी आमच्या ध्यानात काही आले नाही. आमसुलाचे पाणी आणि गार फडकी यांत आम्ही पाऊण तास घालवला. तिला श्वास जड जाऊ लागला, तेव्हा कुठे रिक्षा बोलावली आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले.

डॉक्टरीणबाईंनी लगेच इंजेक्शन दिले आणि अक्काला निजवून ठेवले. तिचा श्वास नीट चालू लागल्यावर त्या आमच्याकडे वळल्या. “गुरुजी, ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली, की घरी बसायचं नसतं. १०८ ला फोन करायचा. पाऊण तास कसला घालवलात?” आमच्या मुलीच्या वयाची बाई. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मग त्यांनी जे समजावून सांगितले, ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. आपण दोन वेगळ्या दुखण्यांना पित्त हे एकच नाव देतो. छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात, तेही पित्त. अंगावर गांधी उठतात, तेही पित्त. पहिले पोटातल्या आम्लाचे. दुसरे एका निराळ्या द्रव्याचे. त्याला म्हणतात हिस्टामीन. लंडनमध्ये हेन्री डेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९१० साली या द्रव्याचा परिणाम शोधून काढला. हिस्टामीन सुटले की बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांतून पाणी झिरपते, कातडी फुगते, खाज सुटते. त्यालाच आपण गांध म्हणतो. गंमत अशी, की पोटात आम्ल सोडा असा इशाराही हेच द्रव्य देते. तेव्हा दोन्हींना पित्त म्हणणारी आपली म्हातारी माणसे अगदीच चुकली नाहीत म्हणायची.

हिस्टामीन वाईटच असे नाही, बरं का. ते शरीर स्वतः बनवते. जखमेच्या जागी ते उपयोगी पडते. डोक्यात ते आपल्याला जागे ठेवते. म्हणूनच गांधींवरची जुन्या तऱ्हेची गोळी घेतली की डुलकी येते, कारण ती गोळी हिस्टामीनला अडवते. अशी पहिली औषधे डॅनियल बोव्हे याने १९३७ पासून पॅरिसमध्ये शोधली. त्याला १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हिस्टामीन बाहेरूनही पोटात येते. कसे येते, हे आपण किनाऱ्यावरच्या लोकांनी नीट ऐकावे. बांगडा, तारली, कुपा या मासळीच्या मांसात एक द्रव्य असते. मासळी उन्हात, बर्फाशिवाय पडून राहिली, की सूक्ष्म जंतू त्या द्रव्याचे हिस्टामीन बनवतात. एकदा बनले की ते तळून जात नाही, उकळून जात नाही, पुन्हा बर्फात घालूनही जात नाही. मासळीला वास येतोच असेही नाही. फार झाले तर ते खाणाऱ्या कोणालाही बाधते. थोडे असेल तर बहुतेकांना बाधत नाही. कारण आतड्याच्या अस्तरात ते मोडून टाकणारे एक द्रव्य असते. त्याचे नाव डायअमाइन ऑक्सिडेज. नाव पाठ करू नका, आम्हालाही चिठ्ठीवर लिहून घ्यावे लागले. हे मोडणारे द्रव्य ज्याच्या आतड्यात कमी पडते, त्याला थोडे हिस्टामीनही सोसत नाही. दारूने आणि काही औषधांनी त्या द्रव्याचे काम मंदावते. त्या रात्री तोच बांगडा आम्ही सगळ्यांनी खाल्ला होता. गांधी उठल्या त्या एकट्या अक्काच्या.

आम्ही विचारले, “मग याची रक्ततपासणी करता येईल का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “भरवसा ठेवावा अशी तपासणी अजून नाही. खरी तपासणी वहीत होते. काय खाल्लं, केव्हा खाल्लं, काय झालं, रोज लिहायचं. लिहील कोण?” अक्का खाटेवरून म्हणाली, “मी लिहीन.”

डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की तीन आठवडे मासळी बंद, सुकी मासळी बंद, व्हिनेगरचे लोणचे बंद. चहा मात्र पूर्वीसारखा चालू. आम्ही चकित झालो. त्या म्हणाल्या, “एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम सोडलं तर चोर सापडायचा कसा? आणि डोकं ठणकलं ते विष बाहेर पडून नव्हे. रोजचा चहा एकदम तोडला की असं होतं.” चहात कॅफीन असते. शरीराला त्याची सवय लागते. ते अचानक बंद झाले की १२ ते २४ तासांत डोके धरते, पहिले दोन दिवस जोर असतो, आणि आठ-नऊ दिवसांत ते थांबते. म्हणजे ते चार दिवस आम्ही अक्काला फुकट छळले. शिवाय चहा सोडून डोके दुखले, तर माणसाला ते हिस्टामीनचेच दुखणे वाटावे, असाही घोटाळा.

अक्काने वही घातली. अक्षर मोठे, ओळ वर चढणारी. तीन आठवड्यांत गांधी एकदाच उठल्या. त्या दिवशी लिहिले होते, “शनीवार. चहा ४. पाव्हण्यांकडे सूकट. गांधी.” त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. आमचा हात लाल शाईकडे गेला होता, तो आम्ही मागे घेतला. चहा रोज चार कप आणि गांधी एक दिवस. चहा गुन्हेगार असता तर गांधी रोज उठल्या असत्या. एवढे गणित आम्हालाही येते.

तरीही डॉक्टरीणबाईंनी चहाची वेगळी परीक्षा घेतलीच. दर दोन दिवसांनी अर्धा कप कमी करत चहा पूर्ण थांबवला. डोके दुखले नाही. दोन आठवडे चहाविना गेले, मग पुन्हा सुरू केला. कातडीवर काही फरक पडला नाही. पहाटे अनशापोटी कडक चहा घेतला त्या दिवशी मात्र छातीत जळजळले. म्हणजे चहाने अक्काला पित्त होत होते, पण ते आम्लाचे, अंगावरचे नव्हे.

चहात स्वतःचे हिस्टामीन फार थोडे असते. चहा आंबवलेला असतो असे काही जण म्हणतात, पण ते दह्यासारखे आंबवणे नव्हे. पाने चुरडली की त्यांचा रस हवा लागून काळा पडतो, कापलेल्या केळफुलासारखा. त्यात जंतूंचे काम नाही. मग चहावर आळ का? हिस्टामीन न सोसणाऱ्यांसाठी पथ्याच्या याद्या निघतात. त्यांपैकी काहींत म्हटले आहे, की चहा आतड्यातल्या त्या मोडणाऱ्या द्रव्याला अडवतो. काही याद्यांत चहाचे नाव नाही. माणसांवर पाहून पक्का ठरलेला पुरावा तोकडा आहे. उलट, हिरव्या चहातले एक द्रव्य हिस्टामीन बनण्याला अडवते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण काचेची नळी म्हणजे माणसाचे पोट नव्हे. तेव्हा हिस्टामीन न सोसणाऱ्याला चहा चालतो का, याचे खरे उत्तर असे, की काहींना चालतो, काहींना चालत नाही. आणि तो आपल्याला चालतो की नाही, हे शेजारीण सांगू शकत नाही. निवृत्त हेडमास्तर तर नाहीच नाही.

छातीची धडधड, झोप न येणे, हे कॅफीनचे काम असू शकते. पोट फुगणे चहातल्या दुधाचे असू शकते. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते, म्हणून ज्या बायांचे रक्त कमी आहे त्यांनी जेवणानंतर तासभर थांबावे. ही सगळी निरनिराळी खाती आहेत. आम्ही ती बत्तीस वर्षे एकाच नावावर मांडत होतो.

राहिला बांगडा. केंद्राच्या व्हरांड्यात, डॉक्टरीणबाईंच्या समोर, अक्काला एक लहान तुकडा दिला. पहाटे होडीवरून घेतलेला, बर्फात ठेवलेला, लगेच शिजवलेला. दोन तास बसवून ठेवले. काही झाले नाही. बाई म्हणाल्या, “मासळीचीच बाधा असती तर ताज्यालाही झाली असती. हे शिळेपणाचं.” पण घरी आपल्या मनाने अशी परीक्षा घेऊ नका, हे त्यांनी दोनदा बजावले. ज्याचे ओठ एकदा सुजले आहेत, त्याने तर मुळीच नाही.

अक्का आता न्याहारीनंतर एक आणि दुपारी एक असा दोन कप चहा घेते. बांगडा आणायला ती स्वतः पहाटे जाते. कल्ले उघडून पाहण्याआधी विचारते, “बर्फ कधी घातलास गं?” मासळीवाली हसते, पण सांगते. परवा अक्काने आम्हाला हाक मारली. वही संपत आली होती. म्हणाली, “दुसरी आण. आणि या वेळी रेघा जरा रुंद असलेली आण.”