लढाईचा पैसा कुणाच्या ताटातला?

ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ साली आला. त्यावर घरं चालतात, कबूल. पण लढाई रणांगणावर सुरू होत नाही, ती बजेटात मंजूर होते. २ डिसेंबर १९१४ ला जर्मन संसदेत युद्धकर्जाविरुद्ध मत दिलं ते एकट्या समाजवादी कार्ल लिब्क्नेख्तनं. १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी हिशेबच मांडला: महसूल ३५० कोटी, त्यातले १८० कोटी लष्कराला! पुढं १९८७ ते १९९० श्रीलंकेत आपले सुमारे १,२०० जवान मेले. मरतात गरिबाची पोरं, हात वर करतात साहेब. मत मागायला आले की विचारा: परमुलखातल्या लढाईला पैसा देताना तुमचा हात कुठं होता? जय भीम!