आपल्या प्रांतातील युरोप

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी इतिहाससंशोधक नव्हे, की नामांकित प्रवासीही नव्हे. सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात माझी उमेद गेली. तेव्हा माझ्या बोलण्यात वक्तृत्वापेक्षा जमाखर्चाचीच दृष्टी अधिक दिसली, तर आपण ती गोड मानून घ्यावी.

आज आपल्यातील बहुतेक घरांतील एखादे तरी मूल अमेरिकेत किंवा कॅनडात आहे. आमचे चिरंजीव टोरांटो येथे असतात. आमच्या सौभाग्यवतींस युरोप पाहण्याची फार दिवसांची हौस. परंतु खर्चाचा आकडा पाहून मी दरवर्षी विषय बदलीत असे. गेल्या उन्हाळ्यात तिकडे गेलो असता सूनबाई म्हणाल्या, "आई, युरोपला जायला नको. येथून मोटारीने जाता येईल असा युरोप तुम्हांला दाखवते." आणि त्यांनी आम्हांला क्वेबेक शहरी नेले.

सॅम्युएल द शांप्लँ या फ्रेंच माणसाने १६०८ साली वसविलेले हे शहर. सेंट लॉरेन्स नदीकाठी उंच कडा, कड्यावर जुने नगर, खाली बंदराची वस्ती. अरुंद दगडी गल्ल्या, उतरती छपरे आणि भोवती सुमारे साडेचार किलोमीटरचा तट. १७५९ साली इंग्रजांनी ते जिंकले, तरी लोकांच्या तोंडची फ्रेंच भाषा गेली नाही. १९८५ पासून जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आहे. दुकानांच्या पाट्या फ्रेंच, रोटीवाला फ्रेंच, फार काय, आम्हांला रस्ता ओलांडू देणारा पोलिसही फ्रेंच बोलणारा. सौभाग्यवती प्रसन्न झाल्या आणि माझे तिकिटाचे पैसे वाचले.

तेथे एक गोष्ट कळली, ती मात्र मला झोप लागू देईना. हा तट आपोआप वाचलेला नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील नागरिकांनाच तो अडगळ वाटू लागला होता. वाहतुकीला अडचण होते म्हणून वेशी पाडण्याचे काम सुरूही झाले होते. त्या वेळी कॅनडाचे गव्हर्नर जनरल असलेले लॉर्ड डफरिन आडवे आले. तट राखावा, वेशी हव्या तर रुंद करून नव्याने बांधाव्यात, असा त्यांनी आग्रह धरला. नदीवरच्या सज्जास आजही त्यांचेच नाव आहे. हेच डफरिन पुढे १८८४ ते १८८८ आपल्याकडे व्हाइसरॉय होते. सोलापूरच्या मंडळींना डफरीन चौक ठाऊक आहेच.

म्हणजे ज्याला आपण 'युरोपचे वातावरण' म्हणतो, ते पुष्कळसे कोणीतरी जाणूनबुजून राखलेले असते, काही ठिकाणी तर पुन्हा रचलेले असते. क्वेबेकच्या बंदराकडील जुना चौकसुद्धा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच अमदानीसारखा दिसावा म्हणून नव्याने सजविला गेला. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सची गंमत याहून अधिक आहे. त्या शहरातील प्रसिद्ध 'फ्रेंच वस्ती' १७८८ आणि १७९४ च्या आगींत बव्हंशी जळाली, आणि त्या वेळी राज्य होते स्पेनचे. तेव्हा आज प्रवासी ज्या चौकांचे आणि कमानींचे फ्रेंच म्हणून कौतुक करतात, ती ठेवण पुष्कळशी स्पॅनिश आहे. तेथे मी गेलेलो नाही, वाचून सांगतो.

क्वेबेकच्या तटावरून चालताना मला राहून राहून आमचा जुन्या नाशकातला वाडा आठवत होता. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी तो पाहिला आहे. दोन चौकांचा, घडीव दगडाचे जोते, वर सागवानी तुळया आणि कडीपाट, माजघराच्या भिंतीत देवळ्या. चार पिढ्या तेथे नांदल्या. पुढे वाटण्या झाल्या, दुरुस्तीचा खर्च कोणी करावा यावर पत्रव्यवहार झाला, आणि शेवटी आठ वारसांनी सह्या केल्या. आठवी सही माझी. आज तेथे खाली दुकाने आणि वर सदनिका आहेत. एकही तुळई आम्ही ठेवून घेतली नाही. ठेवणार कोठे, असे सर्वांनी म्हटले, आणि ते खोटेही नव्हते. परंतु दुसऱ्यांची जुनी घरे पाहण्यासाठी सातासमुद्रांपलीकडे रांगेत उभे राहताना मला त्या सहीची लाज वाटली, हे आज आपल्यासमोर कबूल करतो.

परत आल्यावर एके सकाळी गोदेवर गेलो आणि नारोशंकराच्या देवळापाशी थांबलो. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधलेले हे रामेश्वराचे देऊळ. त्याच्या कोटावरील प्रचंड घंटा आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. गोदेला पूर आला म्हणजे दुतोंड्या मारुती कोठवर बुडाला आणि पाणी घंटेला लागले की काय, हेच आपण एकमेकांना विचारतो. परंतु ही घंटा मूळची देवळाची नव्हे. ती वसईकडील पोर्तुगीजांची. तीवर १७२१ हा सन आहे. म्हणजे सूनबाईंनी मोटारीने दाखविलेला युरोप माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर टांगलेला होता, आणि साठ वर्षांत मी त्याकडे मान वर करून नीट पाहिले नव्हते!

तेव्हा आजच्या व्याख्यानाचा हेतू सरळ आहे. मंडळाची यंदाची सहल परदेशी न नेता या घंटेच्या माहेरी, म्हणजे वसईला न्यावी, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. त्यावर मतभेद झाला, तो आपल्या कानी आलाच असेल. त्याकडे मी येतोच.

नाशकातल्या नाशकातही पाहण्याजोगे आहे. शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत प्राइस नावाच्या मिशनऱ्याने १८५४ साली वसविली. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना तेथे ठेवून शिकवीत असत. त्यांतील जेकब वेनराइट हा डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शवाबरोबर आफ्रिकेतून थेट लंडनला गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीत मानाने सहभागी झाला. नाशकात शिकलेला मुलगा त्या मंदिरात उभा होता, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाही. देवळालीचे तर काय सांगावे! मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सोल्जर तेथील छावणीत कंटाळून वेडेपिसे होत. त्यावरून वेड लागणे या अर्थी 'डूलॅली' हा शब्दच इंग्रजीत रूढ झाला. इंग्रजी कोशाला नाशिक जिल्ह्याने दिलेली ही देणगी फारशी भूषणावह नाही, परंतु आपली आहे.

आता वसई. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने ती पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधली दोनशे वर्षे किल्ल्यात एक संपूर्ण युरोपीय शहर नांदत होते. आज तेथे छप्पर उडालेली चर्चे, उंच मनोरे, दगडी कमानी आणि त्यांत रुजलेले पिंपळ आहेत. जेझुइटांच्या चर्चच्या दर्शनी भागाचे खांब पाहिले म्हणजे आपण कोकणच्या किनाऱ्यावर आहोत हे क्षणभर विसरायला होते. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकी येथे धर्मासाठी सुळावर गेले आणि १८६२ साली संतपदास पोहोचले. त्याच कोटात चिमाजीअप्पांचे स्मारक आहे आणि नागेश्वराचे देऊळही आहे.

परंतु माझ्या मते वसईचा खरा युरोप किल्ल्यात नाही. तो बाहेरच्या वाड्यांत, केळीच्या बागांत आहे. तेथील ख्रिस्ती शेतकरी आपली सामवेदी बोली बोलतो. ती मराठीच आहे, केवळ वळण वेगळे. या मातीतलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिक चालवीत असत आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. पोर्तुगीज गेले, धर्म राहिला आणि भाषा आपली राहिली. क्वेबेकमध्ये राज्य गेले आणि भाषा राहिली. हा हिशेब ताडून पाहण्याजोगा आहे.

त्याच्या अगदी उलट उदाहरण रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईस आहे. १७४० साली चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज निघून गेले. परंतु किल्ल्याच्या पायथ्याच्या त्या लहानशा गावात पोर्तुगीजोद्भव बोली आजतागायत घरोघर बोलली जाते. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. तिच्यात मराठीची पुष्कळ सरमिसळ झाली आहे. भव्य इमारती पाहू इच्छिणाऱ्यांची तेथे निराशा होईल. कोळ्यांचे गाव आहे, मासळी वाळत घातलेली असते, आणि आया मुलांना त्या बोलीत हाका मारतात.

गोव्याविषयी थोडेच बोलतो, कारण तेथे सर्वजण जाऊन आले आहेत. पणजीच्या फोंताइन्यश वाड्यातील निळी-पिवळी घरे सुंदर आहेत यात वाद नाही. परंतु ती घरे आहेत, देखावे नव्हेत. तेथील रहिवाशांना आपल्या दारांवर छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्या लावाव्या लागल्या. कोणाच्याही ओसरीवर चढून, त्याच्या खिडकीला टेकून आपण आपली छबी काढून घेतो, आणि आतली म्हातारी मुकाट्याने खिडकी लावून घेते. आपल्या पंचवटीतल्या घरांपुढे कोणी असे केले तर काय होईल, याचा विचार सहलीच्या मंडळींनी करावा.

आता आक्षेपाकडे येतो. कार्यकारिणीतील एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "ज्यांनी गोव्यात देवळे पाडली, आपल्या देवांना रातोरात नदीपार न्यावे लागले, त्यांची चर्चे कौतुकाने पाहायची काय?" हा आक्षेप मी क्षुल्लक मानीत नाही. देवळे पाडली गेली, हे खरे आहे; श्रीमंगेश आणि श्रीशांतादुर्गा आज जेथे आहेत तेथे ती मूळची नव्हती, हे आपण जाणताच. हे दुःख विसरून कौतुक करावे, असे मी म्हणणार नाही. तेथे उभे राहून मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतील.

परंतु त्या गृहस्थांना मी एवढेच विचारले की, वसईच्या वीरांनी घंटांचे काय केले? घंटेचा धातू आणि तोफेचा धातू जवळजवळ एकच. युरोपातील राजांनी युद्धप्रसंगी कित्येक चर्चांच्या घंटा वितळवून तोफा ओतल्या. आपल्याकडे त्या काळी तोफांची गरज थोडी नव्हती. तरीही ह्या घंटा अखंड आल्या. एक नाशकास लागली, एक भीमाशंकरास, एक वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरियम अजून आहे. ती कोणी छिन्नीने खरवडून काढली नाही. ज्यांनी लढून जिंकले त्यांना ती सलली नाही, मग पायी पाहायला जाणाऱ्या आम्हांला ती का सलावी?

त्यांनी उत्तर दिले नाही. परंतु सहलीच्या यादीत नाव घातले आहे, असे चिटणीस सांगतात.

सहलीचा बेत असा आहे. सकाळी सहा वाजता सर्वांनी नारोशंकराच्या देवळापाशी जमावे. घंटा पाहून गाड्या कसारा घाटाने उतरतील. किल्ल्यात सावली थोडी, तेव्हा वडील मंडळींनी छत्री आणि पाणी बरोबर घ्यावे. परतताना बाजारात वसईची सुकेळी मिळाली तर घेऊ. आणखी एक विनंती: ज्यांच्या घरी आपल्या जुन्या वाड्याचे छायाचित्र असेल, त्यांनी ते बरोबर आणावे, पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ती सर्व छापावीत अशी माझी इच्छा आहे. माझ्याजवळ आमच्या वाड्याचे एकच आहे. ते थोरल्या बहिणीच्या लग्नातले आहे, आणि त्यात वऱ्हाडी मंडळी सगळी आली असली तरी दिंडीदरवाजा अर्धाच आला आहे.